मुहूर्तमेढ झालेल्या विजेच्या खांबाबाबत

जबाब

दिनांक ०२/११/२०२६

मी, सौ. शोभाबाई नवल पाटील, वय ५२ वर्षे, शिक्षण मॅट्रिक पास, व्यवसाय घरकाम व घरचा हिशेब, राहणार करणखेडे तर्फे हवेली, मारुतीच्या देवळामागची गल्ली, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार.

पोलीस दूरक्षेत्रात समक्ष हजर होऊन लिहून देते की, हवालदारसाहेबांनी माझा जबाब संगणकावर घेण्यास सुरुवात केली होती, परंतु माझे नाव लिहून होते न होते तोच लाइट गेली. माझे अक्षर वाचता येण्यासारखे आहे असे पाहून ते म्हणाले, "ताई, तुम्हीच लिहा, मी विचारत जातो." म्हणून हा जबाब माझ्या हाताने लिहीत आहे. कागद सरकारी असल्याने दोन्ही बाजूंनी लिहीत आहे. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहा असे सांगितल्याने ते आमच्या बोलीत लिहिले आहे.

मी वरील ठिकाणी पती नवल व मुलगी रोहिणी यांच्यासह राहते. पती केळी व कापसाची शेती करतात. मुलगी रोहिणी, वय २९, एम. एस्सी. असून लोणखेडा येथे शाळेत शिकवते. तिचे लग्न रनाळे येथील धनुबाई यांचा मुलगा धीरज याच्याशी ठरलेले आहे. धीरज बँकेत आहे, मुलगा चांगला आहे. यापूर्वी रोहिणीची एक सोयरीक होऊन मोडली होती. तिचा या चौकशीशी संबंध नाही, म्हणून तिच्याबद्दल काही लिहीत नाही.

वीज कंपनीच्या कनिष्ठ अभियंतासाहेबांनी माझ्याविरुद्ध तक्रारी अर्ज दिला आहे की, आमच्या अंगणातील विजेच्या तारा जमिनीखाली घेण्याच्या कामात मी अडथळा आणला, खांब काढू दिला नाही, बायकांचा जमाव जमवून घोषणा दिल्या, हातात हत्यार घेतले आणि साहेबांना त्यांच्या लग्नाबाबत धमकी दिली. याबाबत माझे म्हणणे पुढे लिहिते. प्रथम हे नमूद करते की, हे काम व्हावे म्हणून अर्ज मीच केला होता. तीन वर्षे पाठपुरावाही मीच केला. त्यामुळे या प्रकरणात अर्जदारही मीच आहे आणि गैरअर्जदारही मीच आहे.

अर्ज करण्याचे कारण असे की, आमच्या अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यात विजेचा लोखंडी खांब आहे. मी लग्न होऊन आले तेव्हाही तो होता. त्याच्यावरून चार तारा आमच्या गच्चीवरून मागच्या दोन घरांना जात होत्या. पूर्वी त्या उंच होत्या. नंतर आम्ही घरावर गच्ची घातली आणि तारा दरवर्षी थोड्या सैल होत गेल्या. शेवटी अशी वेळ आली की गच्चीवर पापड वाळत घालायचे तर बसूनच घालावे लागत. केस विंचरायला उभे राहिलेली बाई दिसली की खालून कोणीतरी ओरडायचे. म्हणून तारा जमिनीखाली घ्याव्यात असा अर्ज दिला. तेव्हा रोहिणीचे लग्न ठरलेले नव्हते.

लग्न ठरले ते यंदा माघात. तिथी अखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची, वैशाखातली धरली. मांडव घरीच घालायचा होता. परंतु मागच्या दिवाळीत आम्ही सगळ्या अंगणाला सिमेंटचा कोबा करून घेतला होता. मांडवाची मुहूर्तमेढ रोवायची तर कोबा फोडून खड्डा करावा लागणार होता. पती म्हणाले, "फोड. लेकनं लगीन काय रोज रोज व्हस का?" मला ते पटले नाही. नवा कोबा एका मेढीसाठी फोडायचा आणि नंतर त्याला ठिगळ लावायचे, हे मला अजूनही पटत नाही. मी म्हटले, कोपऱ्यात एवढा चांगला खांब रोवलेला आहेच. त्यालाच आंब्याचा डहाळा बांधू, हळदीकुंकू लावू, झाले.

जोशी महाराजांना विचारले. त्यांनी होकायंत्र काढून पाहिले आणि म्हणाले की, मेढ आग्नेय कोपऱ्यातच असावी लागते आणि आग्नेय ही अग्नीची दिशा. हा खांब आग्नेयेला आहे आणि वर अग्नी प्रत्यक्ष वाहतो आहे. अशी मेढ मिळायला भाग्य लागते. त्यांनी संकल्प सांगितला. मी व पतींनी यथासांग पूजा केली.

आंब्याचा डहाळा वर बांधण्यासाठी कंपनीचेच वायरमन लोटनभाऊ आले होते. त्यांनी डीपीवरून लाइट बंद केली आणि स्वतः खांबावर चढून डहाळा बांधला. उतरल्यावर खांबाला नमस्कार केला, गूळखोबरे घेतले आणि नारळाचे अर्धे भकल घरी नेले. तेवढा वेळ साऱ्या गल्लीची लाइट गेलेली असल्याने हे सर्वांना माहीत आहे. लोटनभाऊंनी काल मला सांगितले की, त्या दिवशी ते ड्युटीवर नव्हते, पाहुणे म्हणून आले होते. मी त्यांना म्हटले, "भाऊ, पाहुना डीपी बंद करस का?"

हळदीला दोन दिवस असताना रनाळ्याला धीरजची आजी वारली. लग्न पुढे गेले. पुढे अधिक मास लागला. अधिक मास संपला तर ज्येष्ठ आला, आणि रोहिणी व धीरज दोघेही घरातले पहिले असल्याने ज्येष्ठात त्यांचे लग्न करता येत नाही. नंतर चातुर्मास लागला. आता तिथी मार्गशीर्षातली धरली आहे.

मांडववाल्याने त्याचे पाइप व कापड तेव्हाच नेले. मी जोशी महाराजांना विचारले होते की, मेढीचे काय करायचे? ते म्हणाले, "लग्न मोडलेले नाही, लांबलेले आहे. मेढ हलवली तर मोडले असा अर्थ होतो. लग्न लागून मांडव परतेपर्यंत मेढीला धक्का नाही." म्हणून तेव्हापासून मी रोज सकाळी तुळशीला पाणी घातले की उरलेले पाणी खांबाच्या पायथ्याशी घालते. वेगळे पाणी घेत नाही. हळदीकुंकू मात्र वेगळे घेते.

विहीणबाई धनुबाई यांना तिथी इतकी पुढे गेल्याचे बरे वाटलेले नाही. भाद्रपदात त्या आमच्याकडे येऊन गेल्या. चहा घेण्याआधी त्या खांबाकडे गेल्या, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "इहीनबाई, हाऊ खांब वाकडा काबर दिखी ऱ्हायना?"

मी म्हटले, "तो पयलेपाईन तसाच शे."

त्यांचा विश्वास बसेना. रोहिणीने मेढपूजेच्या दिवसाचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. परंतु फोटो काढणाऱ्याने मोबाइल तिरका धरला असल्याने फोटोत खांब अगदी सरळ आला आहे. मी, पती, जोशी महाराज व आमचे घर असे सर्व तिरके आले आहेत. विहीणबाईंनी बराच वेळ फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "जवलगून हालत नई तवलगून ठीक शे. हालना ते मंग आम्हनाकडे पाहू नका." त्यानंतर चहा घेतला. त्या दिवसापासून पती, मी व रोहिणी खांबाला टेकून उभे राहत नाही.

दसरा झाल्यावर माझा तीन वर्षांपूर्वीचा अर्ज मंजूर झाला.

मुकादम वीरसिंग आपली माणसे घेऊन आले. ते धडगावकडचे आहेत. त्यांनी अंगणात दाराच्या पायरीपासून कोपऱ्यापर्यंत नाली आखली आणि कोबा फोडायला सुरुवात केली. जो कोबा वाचावा म्हणून मी विजेच्या खांबाला मेढ केले होते, तो कोबा त्यांनी मधोमध फोडला. पती ओट्यावर बसून बघत होते. ते म्हणाले, "रोहिणीनी माय, आते आठे दहा मेढी बठतीन."

काम त्यांनी चांगले केले, याबद्दल माझी तक्रार नाही. नाली कमरेइतकी खोल केली. खाली वाळू, वाळूवर पाइपमधून केबल, वर पुन्हा वाळू, त्यावर विटा आणि मग माती. मी प्रत्येक थर पाहिला. पहिली वीट ठेवली तेव्हा मी तिला हळदीकुंकू लावणार होते, पण पती म्हणाले, "तिले नको लाऊ. तिले बी मंग काढता येवाव नई." ते बरोबर होते. तारा उतरल्या. मागच्या घरच्या गुलाबबाई, ज्या माझ्या चुलत सासू असून वय ऐंशीच्या पुढे आहे, गच्चीवर चढल्या आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की, गच्ची घातल्यापासून आज पहिल्यांदा हात वर केले.

दिनांक २९/१०/२०२६ रोजी दुपारी मी शेव तळत होते. अंगणात हायड्रा क्रेन आल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले. अभियंतासाहेब तिथे होते. क्रेनचा पट्टा खांबाला बांधण्याच्या तयारीत माणसे होती. मी विचारले, "हे काय?"

साहेब म्हणाले, "ताई, तारा गाडल्या. आता खांबाचं काम संपलं. खांब घेऊन जातो."

मी म्हटले, "साहेब, खांब राहू द्या. तारा गाडल्या तेवढे पुष्कळ झाले."

ते म्हणाले, "तसं करता येत नाही. खांब कंपनीचा आहे, तो स्टोअरला जमा करावा लागतो. खांब काढल्याचा फोटो अपलोड केल्याशिवाय काम पूर्ण दिसत नाही. कागदावर तारा जमिनीखाली आणि खांब जमिनीवर असं एकाच जागी दाखवता येत नाही."

मी त्यांना मेढीचे सांगितले. साहेब लातूरकडचे आहेत, वयाने लहान आहेत, पण त्यांनी नीट ऐकून घेतले. ऐकून झाल्यावर विचारले, "मेढ दुसऱ्या खांबावर घेता येणार नाही का? मी मांडवाचा चांगला बांबू आणून देतो." मी जोशी महाराजांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. महाराज म्हणाले, "साहेब, तुमची बदली होते. मेढीची होत नाही."

साहेबांनी पुढे विचारले की, वरची वीज गेली म्हणजे अग्नी गेला, मग हा खांब मेढ उरला का? महाराज म्हणाले की, खांब विजेमुळे मेढ झाला नव्हता, पूजेमुळे झाला होता आणि पूजा काढलेली नाही.

त्यानंतर लोटनभाऊंनी असे सुचवले की, खांब न दिसेल असा फोटो काढावा. साहेबांना ते पसंत नव्हते, पण ऊन झाले होते व क्रेनचे भाडे चालू होते. अंगणात सर्वांनी फिरून पाहिले. आमचे अंगण लहान असल्याने खांब सगळीकडून दिसतो. शेवटी लोटनभाऊंनी दोरीवरची चादर काढून खांबावर टाकली व फोटो काढला. फोटोत कोणीतरी थोराड बाई डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात रुसून उभी आहे असे दिसत होते. साहेबांनी तो फोटो पुसला. चादर धुतलेली होती, ती मला पुन्हा धुवावी लागली.

मग साहेबांचा आवाज चढला. ते म्हणाले, "ताई, अर्ज तुमचा. सही तुमची. तीन वर्षं ऑफिसला चकरा तुमच्या. आणि आता काम झाल्यावर तुम्हीच आडव्या?" हे खरे आहे. मी खांबाच्या पायथ्याशी जाऊन बसले.

हत्याराबाबत लिहिते. माझ्या हातात झारा होता. मी कढईजवळून उठून आले होते, झारा ठेवायला वेळ मिळाला नाही. झाऱ्यावर शेव होती. ती नंतर खाली पडली, वाया गेली.

जमावाबाबत लिहिते. गल्लीतल्या बायकांना कोणी बोलावले नव्हते. क्रेनचा आवाज ऐकून त्या आल्या आणि मी खांबाला टेकून न बसता जरा पुढे बसले आहे हे पाहून त्यांना प्रकार कळला. गुलाबबाईंनी मांडवाचे गाणे सुरू केले. बाकीच्यांनी धरले. तक्रारीत त्याला घोषणा म्हटले आहे. त्या घोषणा नव्हत्या. घोषणेत नवऱ्याच्या आत्याची चेष्टा नसते.

साहेबांनी वीरसिंग यांना पट्टा आवळायला सांगितले. वीरसिंग पुढे आले, खांबाचे कुंकू पाहिले, वरचा वाळलेला डहाळा पाहिला आणि मागे सरकले. म्हणाले, "साहेब, सांगाल तिथे खड्डा करतो. मांडवाचा खांब नाही काढणार. घरी समजलं तर बायको मला ओटा चढू देणार नाही." क्रेनवाल्याने गाडी बंद केली आणि उतरून लांब जाऊन उभा राहिला.

धमकीबाबत लिहिते. साहेब स्वतः पट्टा घेऊन पुढे आले. तेव्हा गुलाबबाईंनी गाणे थांबवले व विचारले, "साहेब, तुम्हनं लगीन व्हयनं का?"

साहेब म्हणाले, "ठरलंय."

"कव्हय शे?"

"डिसेंबरात."

गुलाबबाई म्हणाल्या, "मंग लावा खांबले हात. आम्ही नई म्हनत नई."

एवढेच बोलणे झाले. याला धमकी म्हणता येईल असे मला वाटत नाही. उलट त्यांनी परवानगी दिली होती. साहेबांनी पट्टा खाली ठेवला. ते बराच वेळ मोबाइलवर बोलत राहिले. मग क्रेन घेऊन गेले. रोहिणी शाळेतून आली तेव्हा अंगणात मी एकटी होते. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "माय, एक काम कर. मन्हं लगीन खांबसंगेच लायी दे. तो कोठे जास नई, कोनी मरनं तरी लांबस नई." मी तिला रागावले. नंतर तिच्या मोबाइलवरून धीरजशीही बोलले. तो म्हणाला, "मावशी, मला खांबाशी काय करायचंय? मी येणारच आहे." मी त्याला म्हटले, "हेच आईसमोर एकदा बोल." तो म्हणाला, बोलतो. त्याबाबत त्याचा पुन्हा फोन आलेला नाही. तो चांगला मुलगा आहे हे मी वर लिहिले आहे.

दिनांक ३०/१०/२०२६ रोजी साहेबांनी तक्रारी अर्ज दिला. त्या दिवशी हवालदारसाहेब पंचनाम्यासाठी घरी आले. मेढीजवळ जोडे चालत नाहीत असे गुलाबबाई त्यांना ओरडल्याने त्यांनी बूट पायरीशी काढले व पंचनामा मोज्यांवर केला. खांब जागेवर, उभा, हळदीकुंकू लावलेला, थोडा वाकलेला असे त्यांनी लिहिले. 'थोडा वाकलेला' याच्यापुढे 'पहिल्यापासून' असे लिहावे अशी मी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली. मग त्यांनी अभियंतासाहेबांना माझ्यासमोर सांगितले, "चौकशी पूर्ण होईपर्यंत जागा जशी आहे तशीच ठेवायची. खांबाला कोणी हात लावायचा नाही."

हे ऐकून माझ्या मनावरचे ओझे उतरले. चौकशी चालू आहे तोपर्यंत खांबाला कोणी हात लावणार नाही, असे पोलिसांनीच सांगितले होते. मी देवाजवळ दिवा लावला. रात्री मी व पती पोटभर जेवलो.

आज सकाळी मला व अभियंतासाहेबांना इथे बोलावले. आल्यावर समजले की, साहेब तक्रार मागे घेत आहेत. मी कारण विचारले. साहेब म्हणाले, "ताई, काल आईचा फोन आला होता. दुसऱ्या कोणा नवरीच्या आईवर केस करून स्वतःच्या लग्नाला उभा राहणार का, असं विचारत होती. माझी चूक झाली. मी तक्रार मागे घेतो, तुमच्यावर काही राहणार नाही." असे बोलून त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

मी विचारले, "आणि खांब?"

ते म्हणाले, "चौकशी बंद झाली की अडचण नाही. दिवाळीआधी दुसरी टीम पाठवतो. शिरपूरकडची आहे, त्यांना यातलं काही माहीत नाही."

तरी मी हवालदारसाहेबांसमोर हात जोडून सांगितले आणि इथे लिहूनही देते की, तक्रार मागे घेण्यास माझी हरकत आहे. साहेबांच्या आईंना माझा नमस्कार सांगावा. त्यांचे मन मोठे आहे, परंतु सध्या ते मला परवडण्यासारखे नाही. अडथळा मी आणला आहे. मी खांबासमोर बसले होते, उठा म्हटल्यावर उठले नाही. बायका जमल्या होत्या. त्यांचे गाणे लांबून ऐकणाऱ्याला घोषणेसारखे वाटू शकते. झाऱ्याबाबत मी वर खुलासा केला आहे, परंतु चौकशी चालू राहण्यासाठी झाऱ्याला हत्यार म्हणणे आवश्यक असेल तर तसे म्हणावे. तो लोखंडी आहे व दांडा लांब आहे.

हवालदारसाहेब म्हणाले, "ताई, माझी एवढी नोकरी झाली. लोक इथे केस काढा म्हणून पाया पडतात. तुम्ही राहू द्या म्हणून पडताय. मुलीच्या सासरी काय सांगाल?"

हा प्रश्न बरोबर होता. म्हणून मी त्यांच्यासमोरच रनाळ्याला फोन लावला व आवाज मोठा केला. मी म्हटले, "इहीनबाई, मन्हावर पोलीस केस व्हयनी."

विहीणबाई म्हणाल्या, "आनि खांब?"

मी म्हटले, "उभा शे. पोलीसच हालू देतस नई."

त्या म्हणाल्या, "मंग केसनं काय इतलं! मन्हा भाऊवर तीन केसा शेतस." आणि लगेच त्यांनी विचारले की, हळदीला रनाळ्याची माणसे जास्त येतील, चालेल का? मी चालेल म्हटले. गेल्या सहा महिन्यांत हळदीचा विषय त्यांनी पहिल्यांदाच आपणहून काढला.

रोहिणी माझ्याबरोबर आली आहे. ती बाहेर बाकावर बसली आहे. फोन झाल्यावर ती आत येऊन म्हणाली, "माय, तुन्हावर केस चालू आनि मी हयद लायी लेऊ?"

मी म्हटले, "हयद तुले लागी, केस मले लागी. त्याम्हा काय शे?" ती परत बाहेर जाऊन बसली. दारातून तिची पाठ दिसते. ती रडत नाही, मी दोनदा पाहिले.

अभियंतासाहेबांना मी सांगितले की, तक्रार राहू द्यावी, माझा तिच्याबद्दल राग नाही. लग्नाची पत्रिका त्यांना व त्यांच्या आईंना पाठवीन. त्यांनी विचारले की, ऑफिसात काय उत्तर देऊ? हवालदारसाहेब म्हणाले, "लिहा, खांब पोलीस चौकशीत अडकला आहे." साहेबांनी ते वाक्य कागदावर उतरवून घेतले, दोनदा वाचले आणि म्हणाले की, मग तर माझ्यावरही काही येत नाही. त्यांनी तक्रार मागे घेण्याचा अर्ज घडी करून खिशात ठेवला.

हवालदारसाहेबांनी मला सांगितले की, एका जबाबावर चौकशी फार दिवस चालवता येत नाही, साक्षीदार असतील तर गोष्ट वेगळी. जमावात कोण कोण होते, असे त्यांनी विचारले. त्याबाबत लिहून देते की, गाणे म्हणणाऱ्या एकूण बावीस बायका होत्या. सर्वांची नावे व वये मला माहीत आहेत, ती वेगळ्या कागदावर देत आहे. ज्या आल्या नव्हत्या, त्यांनी घरात बसून ऐकले, त्यामुळे त्याही साक्षीदार होऊ शकतात. गुलाबबाईंना कमी ऐकू येते, त्यांचा जबाब एका बैठकीत होणार नाही. त्यांना जुन्या गोष्टी सांगण्याची सवय आहे, त्यांना थांबवू नये.

माझी विनंती एवढीच की, सर्वांचे जबाब सावकाश घ्यावेत. एका दिवशी दोघींना बोलावू नये, घरोघरी दिवाळीची कामे आहेत. मध्ये भाऊबीज आहे, तेव्हा बऱ्याच जणी माहेरी जातील. त्यानंतर तुळशीची लग्ने आहेत. मार्गशीर्षात आमचा मांडव परतला की त्याच दिवशी मी स्वतः येऊन चौकशी बंद करण्यास संमती देईन, जी शिक्षा असेल ती घेईन, आणि खांब न्यायला येणाऱ्यांना जेवू घालून पाठवीन. तोपर्यंत मला गैरअर्जदार ठेवावे.

वरील सर्व मजकूर मी मोठ्याने वाचला. हवालदारसाहेबांनी, अभियंतासाहेबांनी व दारात उभ्या असलेल्या लोकांनी ऐकला. सांगणारी मीच व लिहिणारी मीच असल्याने फरक पडण्याचे कारण नाही. बरोबर आहे म्हणून सही करते.

सौ. शोभाबाई नवल पाटील

समक्ष
(पोलीस हवालदार)